वजन, बॅटरी वगळून

विद्युत उपकरणांच्या एका मोठ्या दुकानात, रविवारच्या भर गर्दीत, माझ्याच खांद्यावरून निघालेला ऐवज एका पारदर्शक डब्यात गरगर फिरताना मी चार अनोळखी माणसांच्या समवेत पाहिला, या गोष्टीला अजून आठवडाही उलटलेला नाही. त्यामुळे पुढील मजकुरात कोठे कडवटपणा आढळल्यास वाचकांनी तो समजून घ्यावा.

कोथरूडमध्ये आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली जात आहे आणि बिल्डरने धूळ अडवण्यासाठी लावलेले हिरवे कापड धूळ सोडून बाकी सर्व काही, विशेषतः वारा, अडवते. कामाला येणाऱ्या मावशींनी दिवसातून दोनदा केर काढण्यास साफ नकार दिला. वाकून झाडणे मला झेपत नाही आणि पत्नीला ते मान्य नाही. तेव्हा हलका, उभ्याने चालवता येईल असा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा, असा ठराव घरात मंजूर झाला आणि मी दुकानात जाऊन उभा राहिलो.

तेथे तीन यंत्रे ओळीने मांडलेली होती. पहिले वायरचे, पाच हजारांच्या आतले. दुसरे बिनवायरचे, अठरा हजारांचे. आणि तिसरेही बिनवायरचे, पण परदेशी आणि चाळीस हजारांच्या वरचे. विक्रेता तरुण आणि उत्साही होता. त्याने प्रथम नमुन्याच्या गालिच्यावर टाल्कम पावडर सांडली आणि ती ओढून दाखवली. मी फारसा हललो नाही, कारण आमच्या घरी गालिचा नाही आणि असता तरी त्यावर आम्ही पावडर सांडली नसती. माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास त्याला टोचला असावा. "सर, जरा वळता का?" असे म्हणून त्याने यंत्राला एक छोटे तोंड बसवले आणि मी काही बोलण्याच्या आत ते माझ्या कोटाच्या दोन्ही खांद्यांवरून फिरवले. मग डबा उंच धरून तो म्हणाला, "बघा सर, किती डस्ट निघाली!"

"ती धूळ नव्हे," मागून एक ठाम आवाज आला. "तो कोंडा आहे."

साठी केव्हाच ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक काकू माझ्या आणि डब्याच्या मधोमध येऊन उभ्या होत्या. त्यांचे यजमान मिक्सरच्या विभागात कोणाशी तरी वॉरंटीवरून वाद घालत होते आणि तो संपेपर्यंत काकूंना वेळच वेळ होता. त्यांनी चष्मा वर सरकवून डबा निरखला. "धूळ करडी असते. हे पांढरं आहे, बघा. खोबरेल तेलात कापूर घालून लावत जा रात्रीचं." शेवटचे वाक्य मला उद्देशून होते, पण आवाज पलीकडच्या टीव्ही विभागापर्यंत पोहोचेल इतका मोकळा होता. टीव्ही पाहत उभे असलेले एक जोडपे वळले. त्यांच्या लहान मुलाने जवळ येऊन डब्याला बोट लावले.

या पारदर्शक डब्याचाही एक इतिहास आहे. जेम्स डायसन या इंग्रज गृहस्थाने पिशवीविरहित यंत्र बनवण्यासाठी ५,१२७ नमुने तयार केले आणि १९९३ साली डीसी०१ हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा लोकांना स्वतःचा कचरा पाहायला आवडणार नाही, डबा झाकलेला ठेवा, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने तो धुडकावला आणि जग त्याच्या मागे गेले. सल्ला देणारे चुकीचे ठरले, असे आता सगळे म्हणतात. मी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकात टाय लावलेले विक्रेते घरोघर हिंडून आपल्याच गादीतली धूळ आपल्याला काढून दाखवत असत. त्यात होणारी शोभा निदान घरच्या घरी होत असे आणि कचरा कापडी पिशवीत निमूटपणे झाकला जात असे.

काकूंचे समाधान एवढ्यावर झाले नाही. "वजन किती म्हणालास याचं?" त्यांनी विक्रेत्याला विचारले.

"एक किलो चारशे ग्रॅम, मॅडम. एकदम लाइटवेट."

काकूंनी अठरा हजारांचे ते यंत्र एका हाताने उचलले, कोपरात हलकेच झेलले, डोळे क्षणभर मिटले आणि निकाल दिला, "अडीच किलोच्या खाली नाही." विक्रेत्याने पत्रक पुढे केले. पत्रकावर १.४ किलो हा आकडा ठळक छापलेला होता आणि त्याच्या डोक्यावर एक तारा होता. त्या ताऱ्याचा माग काढत काकू पत्रकाच्या तळाशी पोहोचल्या आणि मुंगीच्या अक्षरात छापलेले वाक्य त्यांनी शाळेतल्या प्रकट वाचनाच्या सुरात वाचले. हे वजन केवळ मुख्य भागाचे असून त्यात बॅटरी, नळी आणि ब्रश धरलेले नाहीत, असा त्याचा आशय होता.

"अरे, मग नळी आणि ब्रशाशिवाय हे चालवायचं कसं? फुंकर मारून?"

स्वयंपाकघराच्या विभागात विक्रीला ठेवलेला डिजिटल वजनकाटा काकूंनी स्वतः आणला. यंत्राचे तुकडे करवून त्यांनी एकेक तुकडा काट्यावर ठेवायला लावला आणि बेरीज तोंडी केली. दोन किलो सातशे भरले. "तरी मी अडीच म्हटलं होतं," त्या थोड्या खट्टू होऊन म्हणाल्या. एव्हाना बघ्यांमध्ये दुकानाचा सुरक्षारक्षकही सामील झाला होता.

येथे मला थोडे गंभीर होणे भाग आहे, कारण काकूंनी कोपराने जे ओळखले ते कोणतेही पत्रक सांगत नाही. बिनवायरच्या या दांडीवजा यंत्रांत मोटर, बॅटरी आणि डबा हे तिन्ही जड भाग मुठीजवळ असतात. पंख्याची पाती किंवा छताची जळमटे काढताना त्याचा फायदा होतो, पण फरशी झाडताना सगळा भार मनगटावर येतो. जुन्या पद्धतीच्या उभ्या यंत्रात मोटर खाली, ब्रशाजवळ असते. तेथे भार जमीन उचलते आणि हाताला फक्त ढकलण्याचे काम उरते. म्हणजे काट्यावर चार किलो भरणारे यंत्र हाताला हलके आणि अडीच किलोचे जड, असे सहज घडू शकते. शक्तीच्या आकड्यांचीही हीच गत आहे. वॅट हा आकडा मोटर किती वीज खाते ते सांगतो, किती कचरा ओढते ते नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १,६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तेथील घरे काही केरात बुडाली नाहीत. आता वॅटऐवजी किलोपास्कल, म्हणजे ओढीच्या दाबाचे एकक, छापतात. ते बहुधा नळीचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेले असतात, म्हणजे हवा मुळी वाहतच नसताना, आणि केर तर वाहत्या हवेबरोबर येतो. ग्राहकाला अडाणी ठेवण्यासाठी इतके शास्त्र खर्ची पडलेले पाहून मला खरोखर संताप येतो.

"चार्जिंग किती वेळ टिकतं?" काकूंची चौकशी पुढे सरकली.

"चाळीस मिनिटं."

"कुठल्या जोरावर?"

विक्रेता किंचित घुटमळला. "इको मोडवर."

"आणि मघाशी यांच्या खांद्यावर लावलं होतंस ते कुठल्या?"

"ते... मॅक्सवर."

"मग मॅक्सवर किती टिकेल?"

"आठ-दहा मिनिटं."

काकूंनी माझ्याकडे वळून, हिशेब समजावून सांगावा तसे सांगितले, "म्हणजे यांचे खांदेच होतील. घर राहिलं."

सुरक्षारक्षक मोठ्याने हसला. त्याचे मला विशेष वाईट वाटले, कारण आत येताना मी त्याला नमस्कार केला होता.

नंतर काकूंनी ते यंत्र शेजारच्या फ्रिजला टेकवून ठेवले आणि ते तत्काळ घसरून आडवे झाले. ही यंत्रे स्वतःच्या पायावर उभी राहत नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीला भोके पाडून खुंटी ठोकावी लागते, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याने ती घरमालकाला विचारून ठोकावी लागते. चाळीस हजारांचे यंत्रही याच धर्माचे निघाले. पाच हजारांचे तेवढे दांडी सरळ करताच खटकन उभे राहिले. काकूंनी त्याकडे प्रथमच आदराने पाहिले, पण लगेच त्यांना निराळीच शंका आली. "हे आणलं की केरसुणी जाणार. मग लक्ष्मीपूजनाला पूजा कशाची करायची? याची?"

"करू शकता ना, मॅडम," विक्रेता म्हणाला. विकण्याच्या भरात माणूस कशालाही हो म्हणतो.

"आणि मी हळदकुंकू वाहिलं की हा ते ओढून घेणार!"

यावर दुकानात जो हशा झाला, तो त्या संध्याकाळचा एकमेव असा हशा होता की ज्यात मीही सामील होऊ शकलो.

खरे पाहता या यंत्राचा जन्म आमच्या मावशींसारख्याच एका माणसाच्या गरजेतून झालेला आहे. त्याआधी, १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथने बनवलेले यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यावर उभे राही आणि खिडक्यांतून आत नळ्या सोडून घर साफ करी. कल्पना पडताळण्यासाठी बूथने उपाहारगृहातील आसनावर रुमाल ठेवून तोंडाने धूळ ओढून पाहिली होती आणि त्याला ठसका लागला होता. म्हणजे निदान त्याने प्रयोग स्वतःवर केला, गिऱ्हाइकावर नाही. पुढे ओहायोतील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार होई. त्याने पंख्याची मोटर, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने ढकलता येणारे यंत्र बनवले आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. ते हक्क चामड्याच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या विल्यम हूवरने घेतले आणि यंत्राला नावही झाडणाऱ्याचे न लागता व्यापाऱ्याचे लागले.

झाडणाऱ्याला विसरण्याची ती परंपरा अजून चालू आहे. या यंत्रांची जाहिरात आणि प्रात्यक्षिके पाहावीत तर ती गालिच्यावर. आमच्या घरात फरशी, तिच्यावर एखादी सतरंजी, फिरत्या ब्रशाला गुंडाळले जाणारे लांब केस आणि पलंगाखाली जेमतेम वीतभर जागा. फिल्टर धुवावा आणि पूर्ण, म्हणजे चोवीस तास, वाळू द्यावा असे सूचनापुस्तिका म्हणते. पुण्याच्या जुलै महिन्यात चोवीस तासांत रुमाल वाळत नाही. शिवाय यंत्राने कितीही ओढले तरी फरशी ओल्या फडक्याने पुसावीच लागते, आणि ते काम पुन्हा वाकूनच होते. मावशींना मी आधी विचारले होते. "मी त्याला हात लावणार नाही, बिघडलं तर माझ्यावर येईल," असे त्यांनी स्वच्छ सांगितले, आणि बॅटरीची किंमत ऐकल्यावर ती भीती मला अवास्तव वाटेनाशी झाली. बिनवायरच्या यंत्राची बॅटरी काही वर्षांत थकते आणि नवी घ्यायला गेले की तेवढ्या पैशांत वायरचे अख्खे यंत्र येते. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शेजारच्या भूखंडावर पाणी मारायला बिल्डरला सवड नाही म्हणून. धूळ त्याची, यंत्र माझ्या खर्चाने.

शेवटी मी वायरचे घेतले. ते उभे राहते, त्याचा भार जमिनीवर पडतो आणि ते मॅक्स की इको असा प्रश्न विचारत नाही. काकूंनी मान डोलावून मंजुरी दिली आणि माझ्या वतीने, मी मागितलेले नसताना, जादा फिल्टर फुकट मिळवण्यासाठी विक्रेत्याशी घासाघीस करून तो मिळवलाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

बिल करताना काउंटरवरच्या मुलीने, पाच हजारांच्या यंत्राला तो कशासाठी लागतो ते न सांगता, माझा मोबाईल क्रमांक विचारला. गोंगाटामुळे तो मला मोठ्याने सांगावा लागला, तिला नीट ऐकू न आल्यामुळे पुन्हा सांगावा लागला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी तो पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर टिपून घेतला. दुकानाने क्रमांक घेतल्याचा मला राग आला असल्यामुळे काकूंनी घेतल्याचा राग धरायला आवश्यक ते बळ माझ्यात उरले नव्हते.

काल सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला. वायर हॉलच्या टोकापर्यंत पुरते का, ब्रशात केस किती अडकतात, आवाजाने खालचे लोक तक्रार करतात का आणि मावशींनी अखेर हात लावला का, असे प्रश्न त्यांनी क्रमाने विचारले. मी प्रामाणिक उत्तरे दिली. वायर पुरत नाही; एक्स्टेन्शन बोर्ड लागतो. केस कात्रीने कापून काढावे लागतात. खालचे लोक अद्याप काही बोललेले नाहीत, पण जिन्यात पूर्वीसारखे हसत नाहीत. मावशी यंत्र चालू असताना गॅलरीत जाऊन उभ्या राहतात आणि बंद झाल्यावर आत येऊन कोपरे झाडूने काढतात.

पलीकडे काही क्षण लिहून घेतल्याचा आवाज आला. "बरं," काकू म्हणाल्या, "मग आम्ही हे नाही घेत." मी फोन ठेवणार तोच त्यांनी पुढे विचारले, "तो चाळीस हजारांचा घेतलेलं कोणी आहे का हो तुमच्या ओळखीत?"