वैशालीला गाडी उशिरा का येते

एका लेखात दिल्ली मेट्रोच्या, गाझियाबादमधल्या वैशाली स्टेशनावर गाडीची वाट फार पाहावी लागते, अशी तक्रार आहे. ती रास्त आहे, पण सगळा दोष या स्टेशनावर टाकू नका. मेट्रोच्या ब्लू लाइनला यमुना बँक स्टेशनाला फाटा फुटतो. द्वारकेकडून येणाऱ्या गाड्या तिथे नोएडा आणि वैशाली अशा वाटल्या जातात, त्यामुळे दोन्ही फाट्यांवर दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. मुख्य मार्गावर गाड्या वाढल्याशिवाय इथे वाढणार कशा?

खरी खंत वेगळीच आहे. वैशालीचा फाटा २०१० मध्ये आनंद विहारपर्यंत आणि १४ जुलै २०११ रोजी वैशालीपर्यंत आला, आणि तिथेच थांबला. नोएडाची बाजू मात्र २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत गेली. वैशालीचा फाटा पुढे गाझियाबादच्याच मोहन नगरपर्यंत न्यायची चर्चा कधीपासूनची आहे! तोवर पुढच्या वस्त्यांमधल्या लोकांना इथेच उतरून रिक्षा शोधावी लागते. शेवटच्या स्टेशनाखाली रिक्षा-बससाठी नीट जागा आखणं नव्या मार्गापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. निदान तेवढं तरी आधी करा.

आणि नवख्यांसाठी: चुकून नोएडाच्या गाडीत बसलात तर घाबरू नका, यमुना बँकेला उतरून गाडी बदला.