तळहातावरचं तूप आणि फ्रीजमधले थर

‘लॅब नको, खर्च नको, भेसळीचं तूप घरीच ओळखा’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तळहातावर वितळलं तर शुद्ध. फ्रीजमध्ये दोन थर झाले तर भेसळ. साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून लाल झालं नाही, तर बिनघोर खा.

तळहाताचं आधी उरकू. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच पातळ होतं, म्हणजे या परीक्षेत ते तुपाच्याही पुढे जाईल. उलट थंडीत गार हातावर म्हशीच्या अस्सल तुपाची कणी तशीच राहू शकते.

थरांचं वाचून मात्र हसू आलं. तुपात शेकडो प्रकारचे ट्रायग्लिसराइड (स्निग्ध पदार्थाचे रेणू, प्रत्येकात मेदाम्लांच्या तीन साखळ्या) असतात आणि प्रत्येकाचं गोठण्याचं तापमान वेगळं. कढवलेलं तूप सावकाश निवलं की लवकर गोठणारे रवा धरून खाली बसतात, पातळ भाग वर राहतो. ज्या रवाळ तुपाचं घरोघरी कौतुक होतं, तेच या मेसेजने भेसळीचं ठरवलं!

लाल रंगात तथ्य आहे, पण अर्धंच. डालड्यासारख्या वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं आपल्याकडे कायद्यानेच सक्तीचं केलं, ते खूण म्हणून. साखर आणि आम्लातून फरफ्युराल कुळातलं रसायन तयार होतं, तिळातल्या सेसमॉल या घटकाशी जुळून ते लाल होतं. थोडक्यात, ही चाचणी तीळ पकडते. कोणी थेट पामतेल किंवा चरबी ओतली, तर रंग कुठून येणार? (आणि ते आम्ल कृपा करून ओट्यावर आणू नका.)

मग खरी पारख होते कुठे? लॅबमध्ये, लिक्विड क्रोमॅटोग्राफी या रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीने. तीत तूप द्रावकात विरघळवून सी-१८ कॉलममधून (१८ कार्बनांच्या साखळ्या चिकटवलेली बारीक पूड भरलेल्या नळीतून) दाबाने पुढे ढकलतात आणि कोणता रेणू कधी बाहेर पडतो याचा आलेख काढतात. लांब साखळीचे रेणू कॉलमला जास्त धरून राहतात. साखळीतला एकेक दुहेरी बंध (दोन कार्बनांमधला दुहेरी जोड) ही पकड साधारण दोन कार्बनांइतकी सैल करतो. तुपात ब्युटिरिक आम्लासारख्या आखूड साखळ्या असल्याने त्याचे रेणू लवकर बाहेर पडू लागतात, पामतेलाचे मागाहून गर्दी करतात. साबणीकरण करून (अल्कलीने स्निग्ध रेणू फोडून) स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातले पदार्थ, वेगळे काढले, तर वनस्पती तेलाचं बीटा-सिटोस्टेरॉल तुपाच्या कोलेस्टेरॉलशेजारी उघडं पडतं. जनावराच्या चरबीतही कोलेस्टेरॉलच, तिथे पुन्हा ट्रायग्लिसराइडांचा आलेखच कामाला येतो.

भेसळ अगदी थोडी असेल तर यंत्रही अडखळतं. सरकी खाणाऱ्या जनावराच्या तुपाची घडण मुळातच वेगळी असते. आलेख वाचण्याआधी म्हशीला काय घालत होतात, हे विचारावं लागतं.