चॅरिस्मा वाढवला म्हणून चार्म टिकत नाही

एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या गोव्यातल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एन्चँटरसाठी, म्हणजे भुरळ घालणाऱ्या जादूगार पात्रासाठी, एक सल्ला सारखा पुढे ढकलला जातोय : ‘चॅरिस्मा २०० च्या वर न्या, चार्म सुटत नाही. पेटला लगेच हेस्ट मारा, दोन शस्त्रं द्या. सुटलाच तर तिथल्या तिथे पुन्हा चार्म टाका.’ (चॅरिस्मा म्हणजे पात्राच्या प्रभावाचा आकडा. चार्म म्हणजे मॉबला, गेम चालवत असलेल्या शत्रूला, काही काळ आपल्या ताब्यात आणणारा मंत्र; असा ताब्यातला मॉब म्हणजे पेट. हेस्ट म्हणजे मारण्याचा वेग वाढवणारा मंत्र.) नवे खेळाडू हे वाचून गुक या भुयारात उतरतात, मरतात आणि मग एन्चँटर हा क्लासच, म्हणजे पात्राचा प्रकारच, बेभरवशाचा ठरवून मोकळे होतात. क्लासचा काही दोष नाही. सल्लाच चुकीचा आहे.

आधी चॅरिस्मा. ईक्यूएम्यू या खासगी सर्व्हरांच्या प्रकल्पाचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. त्यात चॅरिस्मा मोजला जातो तो चार्म लागताना. ७५ च्या वर दर १० पॉइंटांमागे समोरच्याचा रेझिस्ट (मंत्र परतवण्याचा आकडा) १ ने उतरतो आणि २५५ ला हे थांबतं. काठोकाठ भरलेल्या चॅरिस्माची कमाई एवढीच, १८. चार्म बसल्यावर दर ६ सेकंदांच्या टिकला, म्हणजे गेमच्या ठोक्याला, २५ टक्के शक्यतेने तो सुटतो का याची तपासणी होते, सरासरी २४ सेकंदांतून एकदा. मूळ सेटिंगमध्ये या तपासणीत चॅरिस्मा धरतच नाहीत. तिथे चालतो मॉबचा मॅजिक रेझिस्ट आणि दोघांच्या लेव्हलमधला फरक. फरकाचा वर्ग करून त्याचा निम्मा घेतात : मॉब ६ लेव्हल खाली असेल तर १८, ९ लेव्हल खाली असेल तर थेट ४०. महागडे दागिने जमवून जे मिळतं तेवढं ६ लेव्हल खालचा मॉब निवडून फुकट मिळतं, आणि ते प्रत्येक तपासणीला उपयोगी पडतं. तरीही सुटण्याची एक किमान शक्यता कोडमध्ये राखून ठेवलेली आहे, त्यामुळे ‘सुटत नाही’ असा चार्म नसतोच. सर्व्हर चालवणारे हे आकडे बदलू शकतात, पण जिथे चार्म सुटूच शकतो तिथे तयारी सुटण्याचीच करावी लागते.

म्हणून पेट निवडताना स्पेलची कमाल मर्यादा हे लक्ष्य समजू नका. चार्म घराण्यातला पहिला मंत्र चार्म २५ लेव्हलपर्यंतच्या मॉबवर चालतो, बिगाइल ३७, कॅजोलिंग व्हिस्पर्स ४६ आणि अल्यूर ५१. त्या टोकाचा मॉब पकडलात की लेव्हलचा फायदा गेला. हाणामारी करणारा मॉब घ्या. जादूगार मॉब सुटला की लांबूनच नूक (इजा करणारा मंत्र) किंवा रूट (जागीच खिळवणारा मंत्र) टाकतो आणि स्टन (काही सेकंद सुन्न) करायला तो तुमच्या जवळही नसतो. पकडण्याचा क्रम : मेझ (मॉबला गुंगवणारा मंत्र), मग टॅश, मग चार्म. टॅशने मॅजिक रेझिस्ट खाली येतो. तो वगळून माना (मंत्रशक्ती) वाचवणारे पुढे दुप्पट माना घालवतात.

हेस्टबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. हेस्टवाला, दोन शस्त्रांचा पेट भराभर मारतो यात वाद नाही. पण चार्म सुटला तरी हेस्ट राहतो, शस्त्रंही त्याच्याच हातात राहतात, आणि एन्चँटरच्या अंगावर असतं कापड. ग्रुपमध्ये टँक (फटके झेलणारा) आणि क्लेरिक (जखमा भरणारा) असतील तर खुशाल द्या. एकटे असाल तर आधी विनाहेस्ट चालवा, सुटल्यावर सावरायची सवय होऊ द्या. शस्त्रं परत हवी असतील तर पेट मारावाच लागतो. झोन बदललात तर पेट मागेच राहतो, शस्त्रांसकट.

सगळ्यात जास्त बळी घेतो तो तिसरा भाग, ‘तिथल्या तिथे पुन्हा चार्म’. चार्मची कास्ट लांब असते, फटके बसत असताना ती मोडते. शिवाय अंगावर एक नाही, दोन मॉब येतात : सुटलेला पेट आणि ज्याला तो मारत होता तो. पहिलं बटण कलर स्टनचं. तुमच्याभोवतीचे सगळे त्यात थांबतात : कलर फ्लक्सने ४ सेकंद, शिफ्टने ६, स्क्यूने ८. मग दुसऱ्या मॉबला मेझ, गरज पडली तर पुन्हा स्टन, पेटवर टॅश आणि शेवटी चार्म. प्रत्येक कास्टआधी टार्गेटचं नाव वाचा. गडबडीत अर्धमेल्या दुसऱ्या मॉबवरच चार्म बसतो आणि हेस्टवाला जुना पेट पाठीवर धबाधब मारत राहतो. अंगावर रून आधीच चढवून ठेवा, तो फटके शोषतो तेवढ्यात स्टनची कास्ट पुरी होते. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत आपल्याकडून जाऊन-येऊन पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणून पेट सुटल्याचं दिसताच स्टन दाबायचा, विचार नंतर.

पावसाळ्यात फोंडा-सत्तरीकडे खेळणाऱ्यांनी आणखी एक बघावं. यूपीएसवर कॉम्प्युटर असतो, राउटर मात्र साध्या प्लगवर. लाईट गेली की स्क्रीन चालू, नेट बंद. तुमचं पात्र थोडा वेळ तसंच उभं राहतं आणि पुढच्या एखाद्या तपासणीत पेट सुटला तर स्टन टाकायला कुणी नाही. राउटरही यूपीएसवर घ्या.

व्हॉट्सॲपवरच्या त्या सल्ल्यात मुळीच नसलेली गोष्ट म्हणजे चार्म आपणहून सोडणं. स्वतःवर इन्व्हिजिबिलिटी टाकली की चार्म लगेच तुटतो. शत्रू मेला, पेटही निम्म्याखाली आला, तर हीच वेळ : तुमचा माना पुरेसा, रून शाबूत, आजूबाजूला तिसरा कुणी नाही. सोडा, रूट करा, नूक टाकून संपवा आणि पूर्ण तब्येतीचा नवा पेट पकडा. मात्र ग्रुपमधल्या ड्रुइड-बार्ड या क्लासच्या खेळाडूंना आधीच सांगून ठेवा. त्यांनी मदत म्हणून तुम्हाला अदृश्य केलं तरी चार्म तसाच तुटतो.