आधी तो माईक बंद करा

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार, वेळ नसेल त्यांनी सरळ पुढं जा.

आज सत्कार होता. आमच्या खो-खोच्या पोरी 14 वर्षांखालच्या गटात जिल्ह्यात पहिल्या आल्या म्हणून एका मंडळानं बोलावलेलं. हॉल, बॅनर, बॅनरवर पोरींपेक्षा दुसऱ्यांचेच फोटो मोठे, ते चालायचंच. शाल, श्रीफळ, गुलाबाचं एकेक फूल. मी मागच्या खुर्चीवर बसून चहा कधी येतोय ते बघत होते, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी आमच्या एका पोरीला पुढं बोलावलं, मागून तिच्या खांद्यावर हात टाकला आणि माईकवर सुरू झाले, की या चिमुकलीनं लहानपणी जे भोगलंय ते ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि सांगितलं की हो. सगळं. त्या घरात काय झालं, कुणी केलं, तेव्हा ही कुठं लपली होती. दोनशे माणसांसमोर, तिच्या वर्गातल्या पोरांसमोर, आणि तिची आजी पहिल्या रांगेत बसलेली असताना. मग टाळ्या. टाळ्या कशाच्या वाजवल्या ते मला अजून कळलेलं नाही.

पोरगी नारळ दोन्ही हातांत धरून उभी होती. हलली नाही. एवढा घट्ट धरलेला की नखं पांढरी पडलेली मला मागच्या रांगेतून दिसली, किंवा मला तसं वाटलं असेल, पण मी तिला ओळखते.

त्या घरात काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका, इनबॉक्समध्ये तर अजिबात नको. मला फक्त मैदानावरचं सांगायचंय, कारण ते कुणीच सांगत नाही.

ती आमच्याकडं आली तेव्हा 11 वर्षांची होती. आजीकडं राहायला आलेली, शाळेत बोलायची नाही, मैदानावर पण बोलायची नाही. पहिल्याच दिवशी पळतीला उतरवली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. आमच्या सीनियर पोरींना दमवलं तिनं. हुलकावणी अशी की पाठलाग करणारीचा खांदा जरासा कलला की ही उलट्या बाजूला. पाय बघायची नाही, डोळे तर नाहीच, फक्त खांदे. बाजूला उभे असलेले सर म्हणाले, उपजत आहे हो हिच्यात, देवानं दिलंय. मी काही बोलले नाही. पण माझ्या पोटात गोळा आला, कारण देवानं नव्हतं दिलं ते. माणसाचा हात कधी उठणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखायला लेकरू कुठं शिकतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून कुणी "खेळानं तिला पळायला शिकवलं" म्हणालं की माझी सटकते. पळता तिला आधीपासूनच येत होतं. तेवढं एकच येत होतं.

तिला येत नव्हतं ते बसायला.

खो-खो माहीत नाही असा माणूस माझ्या लिस्टमध्ये नसावा, पण शहरातली मंडळी पण आहेत म्हणून सांगते. मधल्या पाटीत आठ जणी उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. नववी पळतीच्या मागं. बसलेलीला अर्धंच मैदान दिसतं, पाठीमागं काय चाललंय ते दिसत नाही. आणि खो येतो तो मागूनच. पाठीवर हात आणि तोंडानं खो, दोन्ही. त्याच्याशिवाय उठलात तर फाऊल. म्हणजे तुम्ही पाठ उघडी टाकून बसायचं आणि मागून कुणाचा तरी हात पडायची वाट बघायची.

पहिला खो बसला तेव्हा ती उठलीच नाही. जमिनीवर आडवी पडली, दोन्ही हात डोक्यावर. फक्कीची रेघ पुसली गेली, तिच्या केसाला सगळी फक्की लागली. दोघीतिघी हसल्या, लहान होत्या, त्यांना काय कळणार. मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि पाणी प्या म्हणलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. मी काही तज्ज्ञ नाही, सकाळ-संध्याकाळ मैदान आणि मधे नोकरी करणारी बाई आहे.

त्यानंतर मी तिला फक्त पळतीतच ठेवायचं ठरवलेलं, पण ते कसं शक्य आहे, अर्धा खेळ तर बसून आहे. मार्ग काढला तो आमच्या टीममधल्या सगळ्यात वात्रट पोरीनं. ही बया शाळेत रोज अंगठे धरून उभी असते, अभ्यासात शून्य, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. तिनं काय केलं, खो द्यायच्या दोन पावलं आधी ओरडायला लागली, "आले गं!" मग पाठीवर हात, मग खो. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. आठवडाभरात सगळ्याच पोरी आले गं, आले गं करायला लागल्या. मैदानाच्या बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं कुणाच्या घरी पाहुणे आलेत.

आता खो-खो खेळलेल्यांनी डोक्याला हात लावला असेल. बरोबर आहे. दोन पावलं आधी ओरडलं की खो कुठं पडणार ते समोरच्या पळतीला फुकटात कळतं. त्या वर्षी आम्ही तालुक्यालाच आपटलो. समोरच्या टीमच्या पोरी हसत हसत पळत होत्या. सर माझ्यावर चिडले, आधी ते बंद करा म्हणाले, मी हो म्हणलं आणि काही बंद केलं नाही. पोरींना विचारलं, तर ती वात्रट कार्टी म्हणते, "ताई, पुढच्या वर्षी जिंकू की."

अख्ख्या टीमनं एका पोरीसाठी आख्खं वर्ष घालवलं. हे सांगा ना माईकवर. यात डोळ्यांत पाणी येण्यासारखं काही नाही का? पण नाही, तुम्हाला मार पाहिजे, रक्त पाहिजे, मग "तरीही ती जिंकली" पाहिजे.

मधे एका ओळखीच्या अॅथलेटिक्सच्या कोचनी तिला बघितलं आणि मागंच लागले, 400 मीटरला द्या, टायमिंग काढते पोरगी, खो-खोत काय ठेवलंय. होईलही तिचं तिथं चांगलं, नाही म्हणत नाही, मोठी झाली की तिचं तिनं ठरवावं. पण तेव्हा मी चक्क भांडले. एकटीनं आपल्या लेनमध्ये जीव खाऊन पळायचं, आजूबाजूला कुणी नाही, मागं वळून बघायचं नाही, हे तिनं घरात केलंच होतं की. तिला आठ जणी पाहिजे होत्या.

याबाबतीत माझं डोकं एवढं तापतं त्याला कारण आहे, जुन्या मित्रांना माहीत आहे. मी किल्लारीच्या, भूकंपाच्या पट्ट्यातली. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायच्या आत, गणपती बोळवून माणसं नुकती पडलेली. मी 9 वर्षांची होते. त्याबद्दल मी कधी लिहीत नाही, आजही नाही लिहिणार. नंतरचं सांगते. शाळा पत्र्याच्या शेडात भरायची आणि वारा सुटला की पत्रे वाजायचे, वाजले की अख्खा वर्ग दाराकडं, बाई सगळ्यांच्या पुढं. काउन्सेलिंग हा शब्द आमच्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. एक सर होते, ते आम्हाला परत आत हाकलायचे नाहीत. म्हणायचे, बाहेर आलाच आहात तर बसा पाटीत. मग काय, रोज दोन-तीनदा पत्रे वाजायचे आणि दोन-तीनदा खो-खो व्हायचा. गणिताचं वाटोळं झालं माझ्या, पण झोप परत आली. त्या सरांनी कधी कुणाला विचारलं नाही तुझं कोण गेलं म्हणून. विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांचंच गेलेलं.

बरं आता लगेच कुणीतरी लिहील की ताई, खेळ म्हणजे उपचार नव्हे. नाहीच. ती महिन्यातून दोनदा समुपदेशक मॅडमकडं जाते, आजी घेऊन जाते एसटीनं, आणि त्या मॅडमनी केलंय ते मला दहा जन्मात जमलं नसतं. लहान लेकरांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416, हे दोन नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवा, त्या रोजच्या सुविचाराच्या जागी. आणि मैदानावर पण हात उचलणारे कोच आहेत, मी बघितलेत, म्हणजे मैदान म्हणलं की सगळं पवित्र असं माझं काही म्हणणं नाही.

आजच्या गृहस्थांनी शेवटी काय म्हणावं, "ही आपली उद्याची प्रियंका इंगळे!" गेल्या वर्षीपासून हे एक नवीन सुरू झालंय. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पोरी आणि पोरं दोन्ही टीमनी फायनलला नेपाळला हरवलं, दोन्हीकडं कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. पोरींनी 78-40 नं मारलं. आनंद मलाही झाला, रडले मी. पण त्याआधी खो-खो म्हणजे शाळेतला पोरींचा खेळ म्हणून नाक मुरडणारेच आता स्टेजवर छाती फुगवतात. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा यातल्या किती जणांना तिचं नाव माहीत होतं ते विचारा एकदा.

ती फायनल आम्ही माझ्या मोबाईलवर बघितली, अकरा-बारा डोकी एका स्क्रीनवर. सगळ्या किंचाळत होत्या. ही गप्प. मग हळूच मला विचारते, "ताई, मॅटवर पायांचा आवाज येतो का? मागून कोण येतंय ते यांना कळतं कसं?" मी म्हणलं, माहीत नाही गं, मी मॅटवर खेळलेच नाही कधी. तेव्हा ती विचार करून म्हणाली, "त्यांना बहुतेक माहीतच असेल कोण येणार ते."

आले गं कधी बंद झालं ते आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. कुणी ठरवून बंद केलं नाही. या वर्षी जूनमध्ये प्रॅक्टिस सुरू झाली आणि पंधरा-वीस दिवसांनी माझ्या लक्षात आलं की अरे, मैदानावर फक्त खो, खो ऐकू येतंय. ती पाटीत बसलेली, पाठीवर हात पडला की सुटलेली. मी कुणाला बोलले नाही, नजर लागेल म्हणून, आहे मी अंधश्रद्धाळू तेवढ्यापुरती.

आणि आज त्या माणसानं मागून हात टाकला.

आता खरं सांगायची वेळ आली, कारण दोन तास टाईप करतेय आणि हे टाळतेय. त्यांना ती माहिती मिळाली कुठून? माझ्याकडून. दोन वर्षांपूर्वी टीमच्या किटसाठी मदत मागायला मी एक अर्ज लिहिला होता, त्यात खेळाडूंची पार्श्वभूमी असा एक रकाना होता आणि मी त्यात तिचं लिहिलं. चार ओळी. किट मिळालं. तो कागद या हातातून त्या हातात फिरत आज माईकपर्यंत पोचला. म्हणजे मघापासून ज्यांना शिव्या घालतेय त्यांच्या ओळीत पहिली मीच उभी आहे. ते गृहस्थ वाईट नाहीत, भाषण संपल्यावर खरंच डोळे पुसत होते, आणि एका दुकानदारांनी सगळ्या टीमला बूट द्यायचं कबूल केलंय. दिले तर घेऊ, पोरींचे पाय काही भाषणावर रुसत नाहीत. पण तसा रकाना मी आयुष्यात परत भरणार नाही, बूट नाही मिळाले तरी चालतील.

ही पोस्ट टाकू का म्हणून तिला मघाशी आजीच्या फोनवर विचारलं. म्हणाली, नाव नको, गाव नको, आले गं चं सांगितलं तर चालेल.

सत्कार संपल्यावर ती सापडेना. बाकीच्या पोरी चिवड्याच्या प्लेटवर तुटून पडलेल्या. बाहेर आले तर हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसलेली, पाठ माझ्याकडं, मांडीवर शाल, शालीवर नारळ. मला धावत जाऊन तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पाच-सहा पावलांवर थांबले आणि म्हणलं, "आले गं."

वळली नाही ती. थोडी सरकली, बसायला जागा केली. बराच वेळ दोघी समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या बघत बसलो. मग म्हणते, "ताई, हा नारळ इथंच फोडायचा का? घरी नेला तर आजी देव्हाऱ्यात ठेवून देईल, आणि मला भूक लागलीय."