थोडं डावीकडे असतं तर...

नागपूरकर एरवी तोंडावर बोलणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत बसून, यजमानाच्या देखत, वडाभातात मीठ कमी पडल्याचं तो खुशाल सांगतो. पण त्यालाच आमच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये आणून फोटो दाखवा, एकदम सभ्यतेचा झटका येतो. 'लय भारी', एक अंगठा, दोन फुलं. फोटो पेंचच्या वाघाचा असो की कुणाच्या बारशाचा, फुलं तेवढीच.

हे पाहून आमच्या ॲडमिनभाऊंनी फर्मान काढलं. नुसतं 'मस्त' चालणार नाही. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक सुधारणा. हेतू चांगला होता. लोकांनी पळवाटही लगेच शोधली: "रंग छान. कॅमेरा महाग दिसते. पण फोटो काही जमला नाही, भाऊ." कॅमेरा महाग असणं ही फोटोतली चांगली गोष्ट धरायची का, यावर वाद झाला तो वेगळाच.

खरी बैठक भरते रविवारी, फोटोवॉक संपल्यावर, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात दुसऱ्याचा मोबाईल. ज्याच्या हाती तुमचा फोटो लागतो, तो आधी झूम करून नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, शोधतो. फोटो कशाचा आहे ते मागाहून. एकदा कुणाच्या तरी बोटाची तर्री स्क्रीनवर माखली, तर शेजारचा म्हणाला, "वॉर्म टोन मस्त आला."

मी मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या पुतळ्याचा, फोटो टाकला होता. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि इतवारीतल्या गल्ल्या तेव्हापासून काही रुंद झालेल्या दिसत नाहीत. गच्च्यांवर माणसं, खाली माणसं आणि मधून ती अवाढव्य पिवळी मारबत डुलत येते. आभाळ भरलेलं, उजेड कमी म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२०० वर नेलेला, शटर कसंबसं १/१२५ सेकंद. मला तो फोटो आवडतो. अजूनही.

"वरच्या वायरी काढा न, मधात येऊन राहिल्या."

"खालची डोकी कापा."

"उजवीकडचा तो मोबाईलवाला खटकते."

"दुकानाची पाटी काहून ठेवली? नजर तिकडेच जाते."

म्हटलं, चला, सगळ्यांचं ऐकू. चारही बाजूंनी कापलं. मारबतीचं नाक आणि दीड डोळा उरला. तो टाकला तर उत्तर आलं, "आता गर्दीचा फील येऊन नाही राहिला." आणि वर शेपूट: "तुम्ही थोडं डावीकडे उभे असते तर..." डावीकडे नाली होती, आणि नालीत आधीच एक फोटोग्राफर उभा होता. मारबतीपुढे लोक ओरडतात, 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' यंदा त्यात मी हळूच 'अभिप्राय' घुसवणार आहे.

हे डावीकडचं खूळ आमच्या निवृत्त काकांचं. काका रूल ऑफ थर्ड्सचे कट्टर: विषय मधोमध नको, फ्रेमच्या एक-तृतीयांशावर, बाजूला हवा. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली हे नाव छापलं, तेव्हा फोटोग्राफी जन्मालाही आली नव्हती. तो बोलत होता निसर्गचित्रातल्या उजेड-सावलीच्या वाटणीबद्दल. काकांना हे सांगून उपयोग नाही. ग्रुपमधल्या एका पोराने दीक्षाभूमीचा फोटो टाकला, समोरून, स्तूप मधोमध. चारही दिशांना दारं असलेली अर्धगोल वास्तू मध्यभागी नाही घ्यायची तर कुठे घ्यायची? काकांनी नियमाप्रमाणे दोन चांगल्या गोष्टी सांगितल्या आणि म्हणाले, "फक्त स्तूप थोडा डावीकडे पाहिजे होता."

ऐकून घेण्यापेक्षा सांगणं अवघड. "खरं खरं सांगा, मले वाईट नाही वाटत," असं म्हणणाऱ्याला हमखास वाटतं. अशा एकाने फुटाळ्याचा सूर्यास्त टाकला. क्षितिज इतकं कललेलं, की तलावाचं पाणी अमरावती रोडवर यावं. मी दोन चांगल्या गोष्टी शोधल्या (दुसरीला बराच वेळ लागला) आणि अगदी मऊ शब्दांत लिहिलं, 'क्षितिज किंचित सरळ केलं तर?' तिकडून आलं, "ते मुद्दाम आहे. डच अँगल म्हणतात त्याले." 'मुद्दाम' या उत्तराला औषध नाही. फोकस हलला, मुद्दाम. आभाळ पांढरंफट्ट जळालं, तेही मुद्दाम. खाली स्वतःचं नाव मात्र ठसठशीत, सरळ रेषेत.

आमच्यात एक ताई आहेत. त्या चांगलं-वाईट काहीच म्हणत नाहीत. आपल्याला काय दिसलं तेवढंच सांगतात. कॉलेजातल्या एका पोराने गच्चीवर मुंगवड्या घालणाऱ्या आजीचा फोटो दाखवला. सकाळचं कोवळं ऊन, सुरकुतलेली बोटं, पांढऱ्या धोतरावर वड्यांच्या ओळी. सगळे वा-वा करत होते. ताईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "माझी नजर आधी लाल बादलीवर गेली, मग आजीवर." बस. सगळ्यांनी परत पाहिलं. आजीच्या कोपराशी लालभडक प्लास्टिकची बादली, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. पोरगा काही बोलला नाही, पण 'मुद्दाम' असंही म्हणाला नाही. ग्रुपमध्ये हे नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा गच्ची गाठली आणि बादली उचलून दूर ठेवली. आजी उठली आणि बादलीपाशी जाऊन बसली. त्याने पुन्हा हलवली, आजी पुन्हा मागे. वाटलेली डाळ बादलीतच होती. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा आजीने डाळीचा हात तसाच वर उगारला, आणि हा पठ्ठ्या त्या अवस्थेतही क्लिक करायला विसरला नाही.

फोटो रविवारी ठेल्यावर आला. हात हललेला, डाळीचे थेंब हवेत, डोळे मात्र काट्यासारखे शार्प आणि थेट कॅमेऱ्यात. ॲडमिनभाऊ म्हणाले, "काय आय कॉन्टॅक्ट आहे बाप्पा!" ताई नुसत्या हसल्या. काकांनी प्लेट खाली ठेवली, चष्मा वर सरकवला, झूम केलं, परत लहान केलं.

"जबरदस्त," ते म्हणाले. "फक्त डावीकडे रिकामं वाटून राहिलं. तिथं एखादी बादली पाहिजे होती."