सफाईत पहिला नंबर

आम्हा इंदूरकरांचा सफाईत देशात पहिला नंबर. कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे. ओल्यात सुका टाकायची कुणाची छाती नाही. तोच माणूस कंप्यूटरपुढे बसला आणि ‘डिस्क फुल’ दिसलं, की नातवाच्या बारशाचे फोटो आणि ‘न्यू फोल्डर ४’ एकाच झाडूनं लोटतो, तेही शिफ्ट-डिलीटनं, म्हणजे रिसायकल बिनचाही टप्पा चुकला. व्हायरसला आम्ही उगाच शिव्या घालतो.

जुन्या हार्ड डिस्कवर निदान आशा असते. डिलीट केल्यावर दारावरची पाटी निघते, सामान आतच असतं. नवा भाडेकरू येईपर्यंत. म्हणून कंप्यूटर ताबडतोब बंद करायचा. आम्ही काय करतो? फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतो. भाडेकरू हजर!

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी नवी डिस्क, मात्र खरी इंदुरी. ‘ट्रिम’ची आज्ञा मिळाली की रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःच झाडून ठेवते. मग फाइल परत आणायला सिल्व्हर मॉलच्या, आमच्या कंप्यूटर बाजाराच्या, कितीही पायऱ्या झिजवा.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. चालू सीपीयू सरकवून खालची जळमटं काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. आतून टकटक आली तर बटण बंद. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारा शेजारी प्रत्येक गल्लीत असतो. त्यानं आत दव धरतं, बाकी काही नाही.

मे-जूनच्या वादळात वीज जाते, तेव्हा यूपीएसची दहा मिनिटं कंप्यूटर नीट बंद करायला असतात, टॅलीतली उरलेली बिलं चढवायला नव्हेत. बॅटरी तीनेक वर्षांत बसते, मग नुसती पीप-पीप.

‘बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हवर!’ अहो, सी आणि डी बहुतेकदा एकाच डिस्कच्या दोन खोल्या. क्लाउडवर सिंक म्हणाल, तर इथे उडवलेलं तिथूनही उडतं. बॅकअप म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, सुदामानगरच्या आत्याकडे चालेल. बाहेरची डिस्क कायम जोडूनही ठेवू नये. मे २०१७ मध्ये इंदूर पहिल्यांदा पहिलं आलं, त्याच महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं जगभरच्या फाइलींना कुलपं ठोकली आणि किल्लीचे ३०० डॉलर मागितले. अशी कुलपं जोडलेल्या डिस्कलाही लागतात.

म्हणून ती कपाटात, शेवेच्या डब्यामागे ठेवावी. आणि वर चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत ‘हे काळं डबडं कशाचं?’ म्हणत कुणीतरी ती गाडीत टाकेल. अचूक, ई-कचऱ्याच्या कप्प्यात.