दहाच आकडे का हो?
गंगापूर धरणाकडची खोली असो की त्र्यंबकची पूजा, बुकिंगच्या फॉर्मला मोबाईल नंबर दहा आकडीच हवा! सिंगापूरचा आठ आकडी, दुबईचा शून्य सोडून नऊ. उरलेले आकडे पाहुण्यांनी काय गोदावरीतून काढायचे? वर '+' टाकला की लाल अक्षरं. अहो, रकाना अंकांचा नाही, मजकुराचा ठेवा. नाहीतर अधिकचिन्ह नि सुरुवातीचं शून्य दोन्ही गायब. देशाच्या कोडसकट १५ अंकांपर्यंत जाऊ द्या. स्पेस, डॅश, कंस तुम्हीच गाळा ना, संगणक कशाला आहे? ब्रिटनचा ०७ वाला नंबर +४४ लावल्यावर ७ पासून सुरू होतो. इटलीच्या लँडलाइनचं शून्य मात्र राहतं. सरसकट शून्य उडवलंत, तर रोमला फोन लागलाच म्हणून समजा!